इवाओसाठी वायरलेस

कोझाकी गावातलं शेंबडं पोरही सांगेल की तोमिए आजी ठार बहिरी आहे. पोस्टमन तिच्या दारात उभा राहून असा ओरडायचा की पाकिटावर कुणाचं नाव आहे ते अख्ख्या गल्लीला कळायचं. टोफूवाली हातवारे करायची. आणि ही बाई आपली मान डोलवत उभी. खरी गोष्ट अशी की तिचे कान चांगले शाबूत होते. अडतीस वर्षं समुद्राच्या तळाशी बुड्या मारून डावा कान जरा दगा द्यायचा, पण वरच्या आळीत सासू-सुनेचं वाजलं तर हिला खालच्या घरात शब्द न् शब्द कळायचा. बहिरा होता तो तिचा नवरा, इवाओ.

ही पुडी सोडली होती इवाओनेच, तीन वर्षांपूर्वी. भेटेल त्याला सांगायचा, हिला ऐकू येत नाही हो, जरा मोठ्याने बोला. लोक हिच्यासाठी मोठ्याने बोलायचे आणि त्याला ऐकू यायचं. बुड्या मारणाऱ्या बायकांचे कान जातात हे त्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत, तेव्हा शंका तरी कोण घेणार? पहिल्यांदा तोमिएला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला. त्यानंतर ती नुसती थकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण म्हातारपणी नवऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडायची म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचाही तिला वीट आला होता.

इवाओ चौऱ्याहत्तर वर्षांचा. रोज पहाटे एकटा बोट घेऊन भूशिराच्या पलीकडे गळ टाकायला जायचा. तोमिएचं छातीचं दुखणं निघालं आणि तिच्या बुड्या बंद झाल्या, तेव्हापासून तो एकटाच. भूशिरापलीकडे मोबाइल लागत नाही. मग ही सकाळभर धक्क्याच्या भिंतीवर बसून त्या टोकाकडे बघत राहायची. मासळी वाळत घालताना, भाजीचा वाफा खुरपताना, मान आपली तिकडेच. दुपारी बोट दिसली की ती उठायची, आणि उठताना तिला आपले गुडघे, पाठ, मान, सगळं एकदम जाणवायचं. चार वर्षं हे चाललं होतं.

मागल्या हिवाळ्यात शेजारच्या खाडीतला एक म्हातारा असाच गेला. इंजिन बंद पडलं, हाक मारायला काही साधन नाही. चौथ्या दिवशी नुसती बोट सापडली. मग मच्छीमार सोसायटीने ठराव केला: सत्तरीच्या वरचा माणूस एकटा जात असेल तर त्याच्याकडे हातातला वायरलेस हवा, आणि त्याचा जोडीचा संच किनाऱ्यावर घरच्या माणसाकडे. भूकंपाचा भोंगा वाजला की सगळा गाव देवळाच्या टेकडीवर चढतो, तिथेही तो चालला पाहिजे. रोज सकाळी दहा वाजता सोसायटी हाक मारणार. दोन दिवस उत्तर आलं नाही तर धक्क्यावरची जागा गेली, म्हणजे बोट गेली. शिवाय दुकानदाराने पारख करून चिठ्ठी द्यायची, की या माणसाला वायरलेसवरचं बोलणं कळतं.

इवाओने ठरावाचा कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, जाऊ की शनिवारी होत्ताच्या दुकानात. जसं काही नवे बूटच आणायचे होते. बोट गेली तर हा माणूस दोन महिन्यांत भिंतीकडे तोंड करून बसेल, हे तोमिएला कळत होतं. आणि बोट राहिली तर आपण त्या धक्क्याच्या भिंतीवरच एक दिवस मान टाकू, हेही कळत होतं.

बसमध्ये खिडकीशी बसून तिने मनाशी ठरवलं. आज मी काही सांगणार नाही, पण काही झाकणारही नाही. उघडं पडायचं ते पडू दे. बोट जायची तर जाऊ दे. मला एक सकाळ तरी उन्हाकडे पाठ करून झोपू दे. शेजारी इवाओ मांडीवर डबा घेऊन बसला होता, भाताचे चार गोळे, आत खारवलेलं आलुबुखार. दर सहलीला न्यायचा तसाच डबा. ते बघून तिला त्याची कीव आली आणि स्वतःचाही राग आला.

होत्ताचं दुकान पलीकडच्या बंदरात, अगदी धक्क्याला लागून. दोर, रंग, रबरी बूट, गळ, इंजिनाचं तेल, सगळं तिथेच. होत्ता पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनाने बरा माणूस. तोमिएला बघितल्याबरोबर त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला की आजी, या, बसा, चहा घेता का. मांडणीवरचे डबे खणखणले असतील. तोमिएने मान डोलावली.

त्याने संचांच्या दोन जोड्या पुढे ठेवल्या. एक नारिंगी, एक काळी. नारिंगी पाण्यात पडला तर तरंगतो आणि त्यावरचा दिवा आपोआप लुकलुकतो. पण तो समुद्राचा वायरलेस. बोटीवरून बोटीशी बोला, बंदराशी बोला, पण घरी चुलीपाशी बसून बायकोने नवऱ्याशी गप्पा मारायला सरकारची परवानगी नाही. काळा जमिनीवरही चालतो, पाण्यावरही चालतो. एक अर्ज भरून नोंद केली की घरातल्या कुणीही बोलावं. पण हातातून निसटला तर दगडासारखा तळाला जातो. होत्ता हे सगळं तोमिएकडे तोंड करून, घसा ताणून सांगत होता, आणि इवाओ बाजूला उभा राहून फुकटात ऐकत होता. जेवढं पोचत होतं तेवढं.

न पोचलेलं कळावं म्हणून तो तोमिएकडे बघायचा. ही त्यांची जुनी रीत. समोरचा बोलला की ती तेच थोडक्यात, ओठ नीट हलवून पुन्हा म्हणायची, जणू स्वतःची खात्री करून घेतेय. आज तो बघत राहिला आणि ती मांडणीवरच्या दोराच्या गुंडाळ्या मोजत राहिली. त्याने नारिंगी संच उचलला, काळा उचलला, दोन्हींचं वजन हातात तोललं, मान हलवली. मासे पारखावे तशी वायरलेसची पारख चालली होती.

मग होत्ता म्हणाला, आजोबा, तुम्ही धक्क्याच्या टोकाला जा, आजी इथून बोलतील. हाताने दिशा दाखवल्यामुळे इवाओला ते कळलं. दोन्ही जोड्यांतला एकेक संच गळ्यात अडकवून तो चालत गेला, टोकाला पोचून वळला, आणि नारिंगी संच तोंडाशी धरून उभा राहिला.

तोमिएने बटण दाबलं. "अहो, ऐकू येतंय का?"

थोडा वेळ गेला. संचावरचा दिवा लागून विझल्याचं त्याला दिसलं असावं. मग आवाज आला, "येतंय, येतंय. छान आहे."

आता काळा. "निघताना गॅस बंद केला होतात का?"

"येतंय, येतंय. छान आहे."

होत्ताने भुवई उचलली. तोमिएने पुन्हा बटण दाबलं. आपण हे का करतोय ते तिला स्वतःलाही नीट कळलं नाही. थकलेलं माणूस कधी कधी उगाच दुष्टपणा करतं, तसं असेल.

"तुमच्या पॅन्टची चेन उघडी आहे. सगळं बंदर बघतंय."

"येतंय," इवाओ लांबून हात उंचावत म्हणाला. "हा जास्त चांगला आहे."

होत्ताला खो खो हसू आलं. आजोबा भारी आहेत म्हणाला, डोळे पुसले, पुन्हा हसला. आणि मग त्याचं हसू हळूहळू बसत गेलं. त्याने धक्क्याच्या टोकाकडे बघितलं, तोमिएकडे बघितलं, आणि अगदी साध्या, हळू आवाजात विचारलं, "आजी, माझं बोलणं येतंय तुम्हाला ऐकू?"

"मघापासून येतंय. एवढं ओरडत जाऊ नका, तुमचाच घसा जाईल."

बिचारा खाली स्टुलावर बसला. सोसायटीचा छापील कागद समोर होता. त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. म्हणाला, आजी, मी इथे काय लिहू ते तुम्हीच सांगा.

तेवढंच राहिलं होतं. जे बघितलंत ते लिहा, एवढे चार शब्द. ते तिच्या जिभेवर तयार होते, बसमध्ये घोटून ठेवलेले. पण त्याच वेळी तिची नजर स्टुलामागच्या कोपऱ्यात गेली. तिथे विकायला ठेवलेली दोर ओढायची मोटर होती, हिरव्या रंगाची. तसलीच त्यांच्या बोटीवर होती.

त्या किनाऱ्यावर बाई बुडी मारते आणि नवरा वर बोटीत दोर धरून बसतो. बाई हातात वजन घेऊन एका दमात तळाला जाते, खडकावरचे मोठे अवाबी शिंपले सुरीने सोडवते, आणि छातीतला श्वास संपत आला की कमरेच्या दोराला एक झटका देते. एक झटका म्हणजे वर ओढ. दोन झटके म्हणजे बरी आहे, दोर सैल सोड. तळातून स्वतःच्या ताकदीने वर यायला तिच्याकडे श्वास उरलेला नसतो, म्हणून दोर नवऱ्याच्याच हाती द्यायचा, सख्ख्या भावाच्याही नाही, असं तिथल्या बायका म्हणतात. इवाओने अडतीस वर्षं तो दोर धरला होता. आधीची आठ वर्षं नुसत्या हातांनी. मग मोटर आली, बोटीत जागा कमी म्हणून त्याच्या डोक्याशेजारीच बसवली. दिवसाला साठ-सत्तर वेळा ती त्याच्या कानात कोकलायची. तीस वर्षं. एकदा समुद्री गवतात दोर गुंतला होता, तोमिएला धड झटकाही देता आला नव्हता, नुसती बोटं वळवळली होती. तेवढ्यावर त्याने ओळखलं आणि ओढली.

त्याचे कान गेले ते तिला वर ओढताना. हे तिला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण आज ती मोटर समोर बघून ते चार शब्द तिने बाजूला ठेवले.

"दुसरं काही नाही का तुमच्याकडे?" तिने विचारलं. "कानाचं काम नसलेलं?"

होत्ता उठला, मागच्या खोलीत गेला, बरीच खुडबुड केली आणि आणखी एक काळी जोडी घेऊन आला. जहाजाच्या कारखान्यात जिथे दिवसभर हातोडे वाजतात तिथले कामगार हा वापरतात, तो म्हणाला. जमीन-पाणी दोन्हीकडे चालतो, बोलताही येतं, पण हाकेचं बटण दाबलं की पलीकडचा संच हातात थरथरतो. मोबाइल थरथरतो तसा, पण चांगला दणकून. दोष एकच, हाही बुडतो.

जोडीतला एक संच त्याने स्वतः धक्क्याच्या टोकाला नेऊन इवाओच्या हातात दिला. समजावत बसला नाही, त्याचा उपयोगही नव्हता. पंजाने घट्ट धरा, एवढं खुणेने दाखवून तो परत आला.

तोमिएने हाकेचं बटण दाबलं. एकदा.

इवाओ पाण्याकडे बघत उभा होता. त्याचे खांदे एकदम ताठ झाले. दुसऱ्या क्षणी तो वळला आणि पळत सुटला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गळ्यातले दोन संच छातीवर आपटताहेत, वाटेतल्या जाळ्यांवरून ठेचकाळतोय, तरी पळतोय. दुकानाच्या दारात पोचला तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्याने दोन्ही हातांनी तिचे दंड धरले आणि वरपासून खालपर्यंत तिला बघितलं.

"काय झालं?"

तिने बटण दोनदा दाबलं. त्याच्या मुठीतला संच दोनदा थरथरला. त्याने मुठीकडे बघितलं, मग तिच्याकडे. खांदे खाली आले.

"बरी आहेस," तो म्हणाला, आणि होत्ताच्या स्टुलावर मटकन बसला.

होत्ताने चहा केला. तिघांनी भाताचे गोळे वाटून खाल्ले. मग तोमिए होत्ताकडे वळून, पण ओठ इवाओला दिसतील असे ठेवून म्हणाली, बहिरी मी नाही, हे आहेत. तीन वर्षं यांच्या वाटचं बहिरेपण मी सोसलं, आता माझ्याच्याने होत नाही. तिला वाटलं होतं हा चिडेल, निदान उठून बाहेर जाईल. तो कपाकडे बघत राहिला.

"लाज वाटायची गं," तो म्हणाला. "बोट काढून घेतील ही भीती तर होतीच. पण लाज जास्त."

"आणि माझं काय?"

"तुझा आधार वाटला."

असा राग आला तिला! आणि त्याच रागात डोळ्यांत पाणीही आलं. तिने कप जोरात खाली ठेवला. मग समोर बसून, बोटाने मांडीवर ठोकत, तिने अट घातली. एक झटका आला की यायचं. गळाला काय लागलंय ते बघायचं नाही, अजून अर्धा तास म्हणायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही.

"मी कधी विचारलं होतं?" इवाओ म्हणाला.

नव्हतं विचारलं, हे खरंच होतं.

चिठ्ठीवर होत्ताने पुष्कळ विचार करून लिहिलं: हाक पोचते, उत्तर मिळतं. सोमवारी ती चिठ्ठी घेऊन तोमिए एकटीच सोसायटीत गेली. तिथली कारकून मिझुतानीबाई सवयीने ओरडायला लागली, तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. दहाची हाक माझ्या संचावर मी ऐकणार, मी झटका देणार, आणि ते बोटीतून बोलणार. तोंड त्यांचं चांगलं चालतं, तिने सांगितलं. अध्यक्षांनी ठराव दोनदा वाचला, डोकं खाजवलं. उत्तर आलं पाहिजे एवढंच त्यात होतं. कुणाच्या कानाने, ते लिहायचं राहूनच गेलं होतं. महिनाभर बघू म्हणाले.

राहिला प्रश्न संच बुडण्याचा. तोमिएने पडवीतल्या खुंटीवरचा आपला जुना दोर काढला, कमरेचा. चार वर्षं तिथेच लटकत होता. त्यातला दोन हात तुकडा तिने सुरीने कापला, एक टोक संचाच्या कडीत ओवलं आणि दुसरं नवऱ्याच्या कमरेला बांधलं, ती स्वतःला बांधायची त्याच गाठीने. इवाओ हात वर करून, शिंप्यापुढे उभं राहावं तसा उभा होता.

पहिले सहा दिवस सुरळीत गेले. दहाची हाक, एका झटक्याऐवजी ठरलेले दोन, आणि मग त्याचा खणखणीत आवाज, इवाओ बोलतोय, ठीक आहे, बांगडा फार बारीक. मिझुतानीबाई हसायची. तोमिए मात्र भिंतीवरच बसलेली. संच मांडीवर, नजर भूशिराकडे. काही सुटलं नव्हतं, थकवा तोच. हातात दोर आहे म्हणून तो भरवशाचा आहे हे कशावरून? मासा लागलेला असताना बोट वळवणारा माणूस तिने आजवर बघितला नव्हता, आणि हा तर सगळ्यांत हट्टी.

सातव्या दिवशी अकराच्या सुमाराला बाहेरच्या खडकांवर लाटांच्या फेसाची पांढरी रेघ दिसली. वाऱ्याचा अंदाज दुपारचा होता. धक्क्यावरच्या बाकीच्यांना तसं काही विशेष वाटलं नाही, त्या एवढ्याशा रेघेचं काय, म्हणाले. त्या दिवशी मासा तुफान लागत होता. दहाच्या हाकेला इवाओ घाईघाईने बोलला होता, आवाज पंचवीस वर्षांच्या पोरासारखा. दुसऱ्या दोन बोटी तर आता कुठे बाहेर निघत होत्या. उगाच बोलावलं तर आजचा असा दिवस वाया जाईल, आणि उद्यापासून तो त्या झटक्याला किंमत देणार नाही. तिला हे सगळं कळत होतं. पण ती खाली तळाशी असताना आपल्याला श्वास कमी पडतोय का, यावर तिने तरी कुणाशी चर्चा केली होती?

तिने बटण दाबलं. एकदा.

संचातून काही आवाज आला नाही. ती मनात आकडे म्हणायला लागली, पूर्वी वर येताना म्हणायची तसे. वीसला डोक्यावर उजेड दिसायचा. वीस झाले, चाळीस झाले. भूशिराच्या टोकाशी नुसतं पाणी. शंभरावर ती आकडे चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. दुसऱ्यांदा बटण दाबावं असं दहादा मनात आलं, पण दाबलं नाही. दोन म्हणजे सैल सोड.

मग टोकामागून बोटीचं नाक बाहेर आलं.

इवाओने बोट धक्क्याला लावली. खोक्यात बांगडे अर्धेही भरले नव्हते. गळ तसेच, कसेबसे गुंडाळलेले, एकाचा तर दोरच कापलेला. बाकीचे कोळी बघून म्हणाले, काय हो, एवढ्या लवकर? त्याला ते ऐकू गेलं नाही. तो धापा टाकत पायऱ्या चढून वर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला, तिला वरपासून खालपर्यंत बघत. विचारलं मात्र काही नाही.

वारा खरंच उठतो की नाही, ते अजून ठरायचं होतं. खडकांवरची रेघ होती तेवढीच होती. आपण उगाच बोलावलं, असं तिला सांगायचं होतं, माफ करा म्हणायचं होतं, आणि किती दमले आहे तेही. पण त्यासाठी ओरडावं लागलं असतं, आणि सगळा धक्का ऐकत होता.

तिने त्याच्या कमरेचा दोर धरला आणि हलकेच दोनदा ओढला. तो हसला आणि भिंतीवर टेकला. मग ती भिंतीवर, त्याच्याच शेजारी, समुद्राकडे पाठ करून बसली आणि डोळे मिटले.